एकशे तीन वर्षांच्या माणसाला मीठ किती

दिवाळी अंकात आपल्या नोकरीबद्दल लिहिणारी माणसं रिटायर झालेली असतात. स्टेशनमास्तर, हेडबाई, फौजदार. मी सत्तावीस वर्षांची, पोरगी तीन वर्षांची, शिक्षण नववी नापास, आणि रिटायर व्हायचं तर आधी नोकरीत कायम तरी व्हायला पाहिजे. तरी अंकवाल्या ताई बोलल्या, तू लिही, जसं बोलतेस तसंच लिही. आता मी बोलते ते धापा टाकत बोलते, मध्ये पोरीला ओरडते, सासूला हो हो करते, त्यातून जे उरेल ते लिहिते. चुकलं तर ताईंना पकडा.

माझं काम रुग्णमित्राचं. नाव ऐकून लोकांना वाटतं काहीतरी मोठं असेल. काम काय, तर पिशवी धरणं. पिशवीत पेशंटची फाईल, जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, चष्मा, आणि कवळी असेल तर कवळी. म्हातारं माणूस डॉक्टरकडे जातं तेव्हा मी बरोबर जायचं, घरच्यांना जे विचारायची भीती वाटते ते विचारायचं, डॉक्टर जे बोलतील ते लिहून घ्यायचं, घरी जाऊन ते घरच्या भाषेत सांगायचं, आणि चार दिवसांनी परत जाऊन बघायचं की गोळी पोटात जाते का गादीखाली. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, एजंट तर मुळीच नाही. हॉस्पिटलवाल्यांना वाटतं मी पेशंटची नातेवाईक, पेशंटला वाटतं मी हॉस्पिटलची, आणि माझ्या सासूला वाटतं मी फिरायला जाते.

पनवेलकडच्या एका संस्थेनं मला घेतलं. तिथल्या मॅडमनी तीन आठवडे शिकवलं, गळ्यात कार्ड घातलं, निळं जाकीट दिलं आणि तीन प्रश्न पाठ करून घेतले. डॉक्टर काहीही करायचं बोलले की विचारायचं, केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल, आणि तुमच्या स्वतःच्या आईला केलं असतं का. तिसरा प्रश्न विचारला की भले भले डॉक्टर पंख्याकडे बघतात. मी हे प्रश्न गळ्यातलं कार्ड घट्ट धरून विचारते. मला लिफ्टची भीती वाटते, इंग्रजी बोलणाऱ्या बायांची वाटते, आयसीयूच्या दरवाज्याची वाटते. मॅडम बोलल्या, घाबरणारीच बरी, ती दोनदा विचारते. मला आवडलं ते वाक्य. एवढी वर्षं घाबरट घाबरट म्हणून शिव्या खाल्ल्या, शेवटी त्याचा पगार मिळायला लागला.

आता आमच्या खाडीकडच्या लोकांबद्दल सांगते. इथे डॉक्टर 'कमी करा' असं बोलले तर त्याला काही अर्थ नसतो. थळच्या बाजूला माझे एक शिंपीकाका आहेत, त्यांना डॉक्टर बोलले, चहात साखर कमी. पंधरा दिवसांनी मी विचारलं तर बोलले, केली ना, तीन चमचे घेत होतो, आता अडीच घेतो. आणि तो अर्धा चमचा वाचला म्हणून संध्याकाळचा एक चहा वाढवलेला. दुसरी एक मावशी, तिला सांगितलं थोडं चाला, ती रोज शेजारणीच्या ओट्यापर्यंत चालायची आणि दोन तास तिथेच बसायची. अशी माणसं बघून बघून मी माझी एक पद्धत काढली. डॉक्टर अर्धा तास चाला बोलले की मी घरी सांगायची एक तास. दोन लिटर पाणी बोलले की चार लिटर. कमी बोलले की बंद. लोक माझं ऐकून अर्धं करायचे, अर्धं केलं की डॉक्टरांचं बरोबर जमायचं. नववी नापास बाईनं काढलेलं गणित, पण उत्तर चोख. रिपोर्ट सुधारायचे, डॉक्टर खूश, पेशंट खूश. मॅडमला मात्र सांगितलं नव्हतं. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना कळलं नसतं असं मला वाटायचं. केवढा तो माज.

तर हिराजी आजा. माझे सगळ्यात मोठे पेशंट, वयानं. मिठागरात आयुष्य गेलं. खाडीचं पाणी खाच्यात, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मिठाचा थर जमला की ओढायचा, आणि डोक्यावरून नेऊन रचायचा. पायाच्या टाचा मिठानं अशा झालेल्या की काटा टोचला तर काट्यालाच लागेल. जन्माचा दाखला नाही. पण मुलगा पदूकाका एकोणऐंशी वर्षांचे आहेत, त्यामुळे बाप फार तरुण असेल अशी शक्यता कमी. हॉस्पिटलच्या काउंटरवर वयाच्या जागी तीन आकडे बसेनात, तिथल्या पोरीनं नव्याण्णव टाकलं. मी बोलले, अहो एकशे एक आहे. ती बोलली, मशीन घेत नाही. म्हणजे माणसानं जगायचं किती ते मशीन ठरवणार, आणि आम्ही रांगेत उभे.

एकशे एक वयाला आजा न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथून माझी आणि त्यांची ओळख. मी तेव्हा नवीन, त्यात पोटात पोरगी, धाप तर विचारूच नका. सगळं घर बोललं, आता काय, ह्या वयात कोन कापील, पडू दे खाटेवर, सेवा करू. सेवा हा शब्द आमच्याकडे फार छान आहे. माणूस कधी जाईल त्याची वाट बघायची, पण हात जोडून. मी पोट सांभाळत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. ऑपरेशन नाही केलं तर काय? बोलले, खाटेवर राहतील, पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल, दोन-तीन महिने. केलं तर? बोलले, धोका आहे, पण हृदय चांगलं आहे, उभे राहू शकतात. तिसरा प्रश्न मी विचारायच्या आधीच ते बोलले, माझा बाप असता तर केलं असतं. झालं. मी ते घरी सांगितलं, पदूकाका अर्धा दिवस रडले आणि सही केली. बाराव्या दिवशी आजा वॉकर धरून उभे. बाराव्या दिवशी! नातेवाईकांनी बाराव्याचा वेगळाच विचार केला होता.

मग काय, आजा प्रसिद्ध झाले. शंभरी पार केलेला माणूस ऑपरेशन करून चालतो म्हटल्यावर मोबाईलवर बातम्या काढणारी पोरं यायला लागली. सगळ्यांचा एकच प्रश्न, दीर्घायुष्याचं रहस्य काय. आजांनी एकाला सांगितलं सुका बोंबील. दुसऱ्याला सांगितलं ताडी. तिसऱ्याला सांगितलं, बायको चांगली होती, पन लवकर गेली. श्रीवर्धनवरून एक गृहस्थ खास आले, त्यांच्या सुपारीच्या वाडीत त्यांची आई अठ्ठ्याण्णववर अडकली होती म्हणे, पुढे कसं सरकवायचं ते विचारायला. त्यांना आजा बोलले, "आईस रोज शिव्या देते का तुमाला?" गृहस्थ बोलले, नाही हो, फार शांत आहे. "मंग काय खरा नाय."

कुणीही माझ्याकडे बघून विचारलं नाही की रहस्य काय. रहस्य पिशवीत होतं. कानातलं मशीन, त्याचा सेल दर दहा दिवसांनी बदलायचा. प्रेशरची गोळी सकाळी, ती गिळलेली जीभ वर करून बघायची. पायाची नखं कापायची, कारण नख वाढलं की पाय वाकडा पडतो आणि वाकडा पडला की माणूस पडतो. मोतीबिंदू वेळेवर. चार डॉक्टरांनी चार वेळा लिहिलेली पित्ताची गोळी तीनदा कमी करून घ्यायची. हे कोण छापणार? बोंबील छापून येतो.

आजांच्या घरात खरं काम कुणाचं, तर गोदाकाकूचं. पदूकाकांची बायको, म्हणजे आजांची सून. वय चौऱ्याहत्तर, पण अजून सूनच. सासरे समोर आले की डोक्यावर पदर. लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यासमोर मोठ्यानं बोललेली नाही, जेवणात काय पाहिजे ते आजा ठरवणार आणि ती करणार. मी तिला गोळ्यांचा डबा कसा भरायचा शिकवला, सकाळचा खण, रात्रीचा खण. तिला अक्षर येत नाही, म्हणून मी खणांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले. एक दिवस चुकली नाही. मी लिहिणारे-वाचणारे पेशंट बघितलेत जे चंद्राची गोळी सूर्याला खातात.

एकशे तीनव्या वर्षी आजांच्या पायांना सूज आली, प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी लघवी जास्त व्हायची एक गोळी वाढवली, लिहून दिलं मीठ कमी, आणि बोलले पाणी नेहमीसारखं पिऊ दे. मी पिशवी धरून घरी आले. आता मिठागरवाल्याचं घर. ह्यांच्याकडे आमटीत मीठ, भातात मीठ, ताकात मीठ, आणि वर ताटात डाव्या बाजूला चिमूट मीठ, त्याच्याशिवाय ताट पुरं होत नाही. अशा घरात मी 'कमी' बोलले असते तर ताटातली चिमूट अर्धी झाली असती, संपलं. म्हणून मी माझ्या हुशारीनं बोलले, "काकू, मीठ बंद. एकदम बंद. सुकी मासळी नाही, लोणचं नाही, पापड नाही. आणि पाणी भरपूर पाजायचं, पेज पाजायची, सारखी."

गोदाकाकूनं पदर नीट केला आणि विचारलं, "सासऱ्यांनी मागला तरी?"

"मागितलं तरी. माझं नाव सांगा."

मला तेव्हा कळलं नाही मी तिच्या हातात काय दिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला सासऱ्याला नाही म्हणायचा अधिकार मिळाला होता, आणि तोसुद्धा जाकीटवाल्या बाईनं दिलेला.

त्यानंतर माझी पोरगी आजारी पडली, अंगावर पुरळ, ताप, मी दीड महिना धड बाहेर पडले नाही. फोन करायची. "काकू, मीठ बंद ना?" "बंद हाय बाय." मी मनात हसायची. सगळेच बोलतात तसं. म्हटलं, बंद म्हणजे निम्मं झालं असेल, छान. एकदा आजांनी स्वतः फोन घेतला आणि ओरडले, "पोरी, मना मीठ द्यायाला सांग यांना!" मी बोलले, "सोसा आजा थोडं!" आणि फोन ठेवून सासूला सांगितलं पण, बघा, एकशे तीन वर्षांचे झाले तरी जीभ सुटत नाही. हसलो आम्ही दोघी. इथून पुढे गंमत नाही. ताई बोलल्या होत्या गमतीजमती लिही.

मग एके सकाळी पदूकाकांचा फोन, "बाय, ये. बाबा जायाला निगालं." मी पोरीला कडेवर घेतलं, सासू नेमकी लग्नाला गेलेली, रिक्षा केली आणि पोचले. ओटा माणसांनी भरलेला. आजा चार दिवसांपासून झोपूनच होते, उठवलं तर मिठागरातल्या मेलेल्या माणसांना हाका मारत होते, उलट्या होत होत्या, पदूकाकांना ओळखत नव्हते. आदल्या दिवशी हॉस्पिटलला नेऊन आणलेलं. डॉक्टर बोलले होते, वय झालं, घरी न्या, गोड बोला, सेवा करा. परत सेवा. ह्या वेळी पिशवी धरायला मी नव्हते, म्हणून तीन प्रश्न कुणी विचारले नव्हते.

गंगाजलाची बाटली उशाशी आणून ठेवलेली. कोपऱ्यात दोन बाया कुजबुजत होत्या, मला ऐकू येईल अशा. "हाडां बग कशी दिसतान. सून जेवाला घालीत व्हती का नाय, देव जाने." गोदाकाकूला ते ऐकू येत होतं. ती वाटीतली पेज चमच्यानं आजांच्या तोंडात सोडत होती, अर्धी बाहेर येत होती, ती पदरानं पुसत होती.

माझी पोरगी भुकेनं रडायला लागली. गोदाकाकू बोलली, आन तिला, आणि त्याच वाटीतला एक चमचा तिच्या तोंडात घातला. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि फुर्र करून सगळी पेज माझ्या जाकिटावर उडवली. माझी पोरगी पेजेवर जीव टाकणारी. मी बोट लावून चाखली. पाणी. नुसतं तांदळाचं पाणी.

मी बोलले, "काकू, मीठ?"

तिनं माझ्याकडे बघितलं, चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या कामाबद्दल विचारतंय असं. "बंद ना बाय. तू बोल्लीस त्या दिसापासून येक कन दिला नाय. पेजंत नाय, आमटीत नाय. मागलान, रडलान, ताट लोटलान, पन मी दिला नाय. आनि पानी सारका पाजतंय, तांब्यावर तांब्या. इचार सगल्यांना."

आख्ख्या तालुक्यात माझं सांगणं कुणी पुरं ऐकत नाही, आणि एकीनं ऐकलं होतं. शब्दनशब्द. मॅडमनी शिकवलेलं आठवलं, म्हातारं माणूस चार दिवसांत एकदम भ्रमात गेलं तर वय म्हणू नका, रक्त तपासा, साखर बघा, रक्तातलं मीठ बघा. गोळी मीठ लघवीतून काढतेय, वरून मीठ येत नाही, आणि पाण्यावर पाणी. मिठागरातला माणूस मिठावाचून चालला होता, आणि त्याच्या खाच्याचा बांध मी फोडला होता.

आता इथे मी खरं लिहिते. पहिला विचार आजांचा आला नाही. पहिला विचार आला, कुणालाच माहीत नाही. एकशे तीन वय आहे, गंगाजल आलंय, डॉक्टर बोललेत. मी गप्प बसले तर कुणी विचारणार नाही, जाकीट माझ्या अंगावर राहील, आणि पुढच्या आठवड्यात मी दहाव्याला येऊन रडेन आणि लोक बोलतील, बघा किती जीव होता. दोष कुणावर जाईल तेही समोर दिसत होतं, ती वाटी घेऊन बसली होती. पोरगी माझे केस ओढत होती.

मग मी बोलले, "हॉस्पिटलला न्यायचं. आत्ता."

आजांचा नातू शंकर, न्हावा शेव्याला कंटेनर चालवतो, तो बोलला, "कालच आनलाव ना? किती हाल करशील म्हाताऱ्याचं? जाव दे ना सुखानं." मी बोलले, "एक रक्त तपासू, मग तू बोलशील तसं." मला वाटलं तो मला ओट्यावरून ढकलेल. पण पदूकाका उठले. बोलले, "तिनं मागं उबा केलता. आजून येकदा." गाडी काढली, मागे चार गाड्या नातेवाईकांच्या. माणूस जिवंत असताना एवढी गर्दी कधी बघितली नव्हती.

हॉस्पिटलला तेच डॉक्टर, ज्यांनी गोळी लिहिली आणि काल घरी पाठवलं. वाईट माणूस नाही, थकलेला माणूस. बोलले, "बाई, काल सांगितलं ना मी यांना? शंभरच्या पुढे गेलेल्या माणसाला अजून काय हवंय तुमचं?" मला तीन प्रश्न आठवेनात. एकही आठवेना. दारात पदूकाका, गोदाकाकू, शंकर, आणि मागे तो सगळा गोतावळा माना उंच करून.

मी बोलले, "डॉक्टर, तुम्ही मीठ कमी लिहिलं होतं. मी घरी बंद सांगितलं. दीड महिना एक कण दिलेला नाही. पाणी पण मीच जास्त सांगितलं. आणि तुमची लघवीची गोळी रोज चालू आहे, एक दिवस चुकली नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बंद का सांगितलं?"

"लोक अर्धंच ऐकतात म्हणून."

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग नर्सला हाक मारून रक्त घ्यायला सांगितलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, आधी, आत्ताच्या आत्ता. मागून शंकर बोलला, "तुज्या कार्डावर काय लिवलाय? रुग्णमित्र? आज्याला मारलान हिनी, आनि आमी हिला चा पाजीत व्हतो!" दोन बाया ज्या सकाळी सुनेबद्दल बोलत होत्या त्या आता माझ्याबद्दल बोलायला लागल्या, त्यांना काय, विषय पाहिजे. पण गोदाकाकू ओरडली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच बोलली,

"मना काय ठाव, अर्धाच आयकाचा असतो? मना सांगाचा ना."

शंकरच्या शिव्या परवडल्या.

रिपोर्ट आला. डॉक्टर बोलले, आकडा इतका खाली की माणूस शुद्धीत नाही यात नवल नाही. आयसीयूत घेतलं. मिठाचं पाणी बाटलीतून, तेसुद्धा थेंबाथेंबानं, मशीन लावून. पदूकाका मला बोलले, घरात गोण पडलीय मिठाची, आनू का, लवकर होईल. मी डॉक्टरांना विचारलं. ते बोलले, नाही, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, हळूहळूच. हे मी घरच्यांना सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जेवढं डॉक्टर बोलले तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही, कमी नाही, आणि डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणून पदूकाकांकडून वाचून घेतलं. लिफ्टची भीती वाटत होती म्हणून तीन मजले जिना. खाली-वर, खाली-वर. पोरगी कडेवर झोपलेली.

दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. मी बाकड्याच्या एका टोकाला, ते सगळे दुसऱ्या टोकाला. घरी जायची हिंमत नव्हती आणि तिथे बसायचीही नव्हती. मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अजून किती जणांना डबल सांगितलंयस?" मी बोलले, सगळ्यांना. त्या बोलल्या, "यादी काढ. आज." मी त्या बाकड्यावर बसून यादी काढली आणि एकेकाला फोन केले. शिंपीकाकांना बोलले, काका, मी नंतर साखर बंद बोलले होते, ते डॉक्टरांचं नुसतं 'कमी' होतं. काका बोलले, "अगं मी तर अडीच चमचे घेतोच आहे, तू काळजी करू नकोस." त्या दिवशी मला हसू आलं नाही, पण देवाचे आभार मानले की माणसं अशी हट्टी असतात.

तिसऱ्या दिवशी आजांनी डोळे उघडले आणि नर्सला विचारलं, ही कोनाची मुलगी, माजी लुंगी कुटं हाय. पदूकाका आत जाऊन आले आणि भिंतीला टेकून बसले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बाप वाचला म्हणून पोरासारखा हुंदके देत होता. शंकर बाहेर गेला आणि येताना सगळ्यांना चहा घेऊन आला. माझ्यासमोर एक ग्लास ठेवला. मी प्यायले.

मॅडमनी मला काढलं नाही. शिक्षा वेगळी दिली. आता नवीन पोरी शिकायला आल्या की मला पनवेलला बोलावतात, खुर्चीवर बसवतात आणि ही गोष्ट सांगायला लावतात, पहिल्यापासून. पोरी माझ्याकडे अशा बघतात की जणू मी त्यांच्या मम्मीचा घात केलाय. मॅडम याला ट्रेनिंग बोलतात. सासूला मी सांगितलंय की बढती झाली.

आजा घरी आल्यावर महिनाभर मी गेले नाही. पदूकाका फोन करायचे, मी काहीतरी कारण सांगायची. पण आजांना कुणी सांगितलंय का, मीच केलं ते, हे मला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी सांगावं हे मला नको होतं. शेवटी एका सकाळी गेले. आजा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. गोदाकाकू आत होती. मी पायरीवर उभी राहून बोलले, "आजा, माझी चूक झाली. मीठ डॉक्टरनी बंद नव्हतं सांगितलं, मी सांगितलं."

"काय?"

मी मोठ्यानं बोलले, "माझी चूक झाली!"

"आं?"

शेजारची बाई खिडकीत आली. समोरचा टेम्पोवाला थांबला. मी सगळा श्वास गोळा करून ओरडले, "आजा, मी चुकले! तुम्ही माझ्यामुळं मरत होता!"

आख्खी आळी ऐकत होती. आजा शांतपणे बोलले, "पयल्यांदाच आयकू आलता. येवडा चांगला बोलतंस, म्हनून परत इचारला."

आतून गोदाकाकू हसली. सासऱ्यासमोर, मोठ्यानं. मी रडत होते का हसत होते मला समजेना. आजांनी काठी खाली टेकवली.

"शंबर वर्सां कोनाचा आयकला नाय. बापाचा नाय, शेटचा नाय, बायकोचा नाय. म्हनून जगलो. तू मना चालवलास, म्हनून म्हटला, पोरीचा येकदा आयकू." मग काठीनं पायरी दाखवली. "उबी कशाला हायस? बस."

मी बसले.